दिवा ठाम की लुकलुकता?

आमच्या दुकानात टायर तपासायची सगळ्यात जुनी पद्धत आवाजाची. बाबा हातात लोखंडी टॉमी घेऊन ट्रकभोवती फिरायचे आणि प्रत्येक टायरला एक ठोका द्यायचे. हवा भरलेला टायर टण्‌ बोलतो, टॉमी हातातून उसळते. हवा गेलेला नुसता भद्द करतो. दहा टायरांच्या गाडीला दहा ठोके झाले की बाबा सांगायचे, "मागचा डावा, आतला." जोडीतला आतला टायर वाकून बॅटरी मारल्याशिवाय दिसतही नाही, पण बाबांचा कान चुकल्याचं मला आठवत नाही.

दुकान दीपनगरला, हायवेला लागून. पश्चिमेला भुसावळ, पूर्वेला वरणगाव, पाठीमागे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. बाबांनी टपरी टाकली तेव्हा २१० मेगावॅटच्या संचांचं बांधकाम चालू होतं आणि लोखंड, सिमेंट, यंत्रं घेऊन येणाऱ्या ट्रकांची रांग लागायची. पुढे ५००-५०० चे दोन संच आले, मग ६६० चा. आता येतात ते वेल्हाळ्याच्या तळ्यावरून केंद्राची राख भरून निघालेले हायवा आणि राखेचे बल्कर. रस्त्याचा नंबरही बदलला, ५३ झाला. जुने ड्रायव्हर मात्र अजून 'सहा नंबर'च म्हणतात. टपरीचं पत्र्याचं दुकान झालं, दुकानात बॅलन्सिंगचं मशीन आलं, ट्यूबलेस आलं. आणि मग टायरच्या पोटात बसून स्वतःच बोलणारा सेन्सर आला. बाबांचा ठोका त्याच्यापुढे चालेना. स्पोर्ट्स कारच्या टायरची भिंत जेमतेम तीन-चार बोटं उंच. ती इतकी कडक असते की हवा निम्मी गेली तरी टायर बसल्यासारखा दिसत नाही आणि ठोक्यालाही धड बोलत नाही. अशा टायरचं पोटातलं सेन्सरनेच सांगावं आणि आपण ऐकावं.

ऐकायला शिकायला मला दोन चुका लागल्या. त्या आधी सांगतो, कारण तिसऱ्या गाडीला जे जमलं ते या दोन चुकांच्या जोरावर.

पहिली चूक हाताची. एका परदेशी गाडीचा टायर बदलायला आला होता. नेहमीसारखी डिस्क मशीनला लावली, बीड ब्रेकरचं पातं टायरच्या कडेला टेकवलं आणि पेडल दाबलं. आतून कट्‌ असा बारीक आवाज आला. टायर उतरवला तर रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाला, काडेपेटीपेक्षा लहान एक काळी डबी दोन तुकडे होऊन पडलेली. ते सेन्सरचं पहिलं दर्शन. त्या डबीत दाब मोजणारी चकती असते, तापमान मोजणारा भाग असतो, रेडिओ असतो आणि पाच ते दहा वर्षं चालेल अशी लिथियमची बॅटरी. बॅटरी संपली तर बदलता येत नाही, डबीच नवी घ्यावी लागते. गाडी चालू लागली की डबी जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्‌झवर आपला नंबर, दाब, तापमान असं गाडीला कळवत राहते. नवी डबी मी माझ्या खिशातून भरून दिली. त्या महिन्यात घरी किराण्याची यादी अर्धी झाली. तेव्हापासून व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाहिल्याशिवाय माझ्या दुकानात पेडलवर पाय पडत नाही. पातं व्हॉल्व्हपासून लांब, समोरच्या बाजूला टेकवायचं. आता दुकानातला पोऱ्यासुद्धा आधी खडूने रिमवर व्हॉल्व्हची जागा मारून घेतो.

दुसरी चूक डोक्याची, आणि ती जास्त महाग पडली. माझ्या खिशाला तिची तोशीस लागली नाही, पण मनावरून ती उतरली नाही.

मे महिना, दुपारचे दोन. आमच्याकडचा मे म्हणजे पारा ४५ च्या वर, डांबर चपलेला चिकटतं. लाल रंगाची, जमिनीला टेकलेली एक गाडी आली. मालक म्हणाले, मागच्या उजव्या चाकाचा दिवा लागलाय. मी गेज लावलं. ३६ पीएसआय. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मागच्या चाकाला ३६ च लिहिलेले. मी हसून म्हणालो, "साहेब, हवा एकदम बरोबर आहे. सेन्सरचं नाटक आहे. चालवा बिनधास्त." त्यांनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत. हवा बघण्याचे कसले पैसे?

संध्याकाळी मलकापूरहून फोन आला. टायरची भिंत आतून भाजून निघाली होती आणि चाक रिमवर आलं होतं. गाडी हळू होती म्हणून कुणाला लागलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून चालवली."

त्या रात्री मी दुकानात बसून होतो. माझं काय चुकलं तेच कळत नव्हतं. पट्टीवर ३६, गेजवर ३६. कळलं ते दोन दिवसांनी, आणि सांगितलं ते वीज केंद्राच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. स्कूटरमध्ये हवा भरायला ते नेहमी यायचे. वीज मंडळ जाऊन महानिर्मिती झाली, तरी काका अजून "आम्ही बोर्डातले" असंच सांगतात. नळ्यांतला दाब मोजण्यात त्यांची उमर गेली. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या वाफेला दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या घरातला दाब. माझ्या टायरात जेमतेम अडीच. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टायर गरम होता का रे?"

पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी रात्रभर उभी असेल, किंवा काही तास सावलीत असेल, तेव्हाचा. बंद भांड्यातली हवा तापली की दाब वाढतो; टायरमध्ये साधारण दर दहा अंशांना दीड पीएसआय. मेच्या दुपारी हायवेवरून आलेल्या टायरातली हवा सत्तरच्या घरात तापलेली असू शकते. म्हणजे थंड असताना ज्याच्यात ३६ आहेत, तो त्या वेळी ४३-४४ दाखवायला हवा. गरम टायरने ३६ दाखवले, याचाच अर्थ त्याच्यातली हवा गेलेली होती. गाडीतला सेन्सर तापमानही मोजत होता, त्याने तो हिशोब केला होता. मी केला नव्हता. आणि बाकीच्या तीन चाकांना गेज लावायचंही मला सुचलं नव्हतं. लावलं असतं तर तिघे एकीकडे आणि एकटा दुसरीकडे, हे शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं.

काकांचा दुसरा प्रश्न आणखी वाईट होता. "तुझं हे मीटर कोण तपासतं?"

कुणी तपासत नव्हतं. कॉम्प्रेसरच्या पाइपाला लावलेलं ते गेज सात वर्षं पडत, आपटत, उन्हात तापत चाललं होतं. काकांनी दुसऱ्या दिवशी पिशवीतून आपलं टेस्ट गेज आणलं, टी जोडून दोन्ही एका लाइनीवर लावली. त्यांचं ३०, माझं ३४. दोन चुका एकमेकींच्या खांद्यावर बसून ३६ झाल्या होत्या आणि मी त्यांच्या भरवशावर एका खऱ्या बोलणाऱ्याला खोटं ठरवलं होतं.

काकांनी मग कंट्रोल रूममधलं सांगितलं. मोठा संच एका यंत्राच्या शब्दावर बंद करत नाहीत. महत्त्वाच्या जागी तीन ट्रान्समीटर लावतात. तिघांपैकी दोघे म्हणाले, तरच संच ट्रिप होतो. पण एकटा ओरडला तर त्यालाही सोडत नाहीत. कुणीतरी जाऊन बघतंच: तो खोटा का बोलतोय, की बाकीचे दोघे झोपलेत. समोरच्या पॅनलवर चौकोनी खिडक्या असतात, प्रत्येकीवर एका बिघाडाचं नाव. खिडकी लुकलुकते म्हणजे बातमी नवी आहे, कुणी अजून पाहिली नाही. बटन दाबून 'पाहिलं' म्हटलं की ती ठाम पेटून राहते, आणि दोष गेल्यावरच विझते. "बटन दाबलं म्हणजे काम झालं असं ज्याला वाटतं," काका म्हणाले, "त्याला पॅनलवर बसवत नाहीत."

गाडीतल्या दिव्याची भाषा याच्या उलट आहे, हे मी नंतर शिकलो. घोड्याच्या नालासारखं चित्र आणि मधे उद्गारचिन्ह असा तो पिवळा दिवा. बऱ्याच गाड्यांत तो ठाम पेटला तर हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकला आणि मग ठाम झाला, तर यंत्रणेचाच बिघाड: एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली, डबी फुटली किंवा चाक बदलताना नवा नंबर गाडीला ओळखवून दिला नाही. आता गिऱ्हाईक आलं की मी गेजला हात लावायच्या आधी विचारतो, "दिवा ठाम की लुकलुकता?" लोक गोंधळतात. मग गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला सांगतो आणि दोघं मिळून दिवा बघतो.

तर, तिसरी गाडी.

गेल्या जानेवारीत, सकाळचे सात. शेकोटीभोवती दोन बल्करवाले आणि आमचा पोऱ्या. धुक्यातून एक करडी, दोन दारांची गाडी आली. इंजिन मागे, आवाज खोल. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूरला जाणाऱ्या असल्या गाड्या आमच्या रस्त्याला विरळ झाल्या. उतरला तो तिशीतला मुलगा आणि पाठोपाठ, दाराला धरून, कंबर सांभाळत त्याची आई. फैजपूरची माहेरवाशीण. मुंबईहून लेकासोबत निघाली होती, रात्री भुसावळला भावाकडे मुक्काम केला आणि आता नागपूरला लग्नाला. गाडी इतकी खाली की मावशींना त्यातून वर यावं लागत होतं.

"काय भो," मावशी शेकोटीकडे हात करत म्हणाल्या, "कालधरून त्या दिव्याले तिघांनी तीन नावं ठेवली."

तीन नावं अशी. काल दुपारी नाशिक सोडल्यावर दिवा लागला. धुळ्याच्या अलीकडे एका पंपावर हवावाल्याने सांगितलं, हवा कमी आहे, आणि चारही चाकांत ३३-३३ भरले. दिवा गेला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. वाटेतल्या एका मेकॅनिकने सांगितलं, सेन्सर गेलाय, दिव्याकडे बघू नका. रात्री मामाच्या मुलाने मोबाइल बघून सांगितलं, थंडीने होतं असं, सकाळी ऊन आलं की जाईल. सकाळी तर दिव्यासोबत आकडेच लाल झाले.

"ठाम की लुकलुकता?"

"ठाम," मुलगा लगेच म्हणाला. त्याने पाहून ठेवलं होतं. मला तो तिथेच आवडला.

डॅशबोर्डवर चार चाकांचे चार आकडे: २९, २९, २९, आणि मागच्या उजव्याला २२. आता माझा नियम असा की दिव्याला खोटं पाडायचं असेल तर आधी तो खरा धरायचा. गाडी भुसावळहून जेमतेम आठ-दहा किलोमीटर आली होती, टायर गारच होते. मी चारही चाकांना गेज लावलं. काकांनी तपासून दिलेलं, खोक्यात ठेवतो ते. २९, २९, २९, २२. मी मुलाला दाखवलं. सेन्सर आणि गेज, दोन वेगळे साक्षीदार, एकच जबानी. मेकॅनिकचं निदान तिथेच पडलं. गाडी चार वर्षांची, बॅटरी संपण्याइतकी म्हातारी नाही, आणि मेलेला सेन्सर गेजशी जुळणारा आकडा बोलत नाही. माझ्याकडे सेन्सर जागा करून वाचणारं हातातलं यंत्र आहे. पोऱ्या ते घेऊन धावत आला. मी त्याला थांबवलं. ते यंत्र सेन्सरचंच म्हणणं पुन्हा सांगणार. त्याला तिसरा साक्षीदार कसं म्हणायचं? तो पहिल्याचाच पाहुणा.

मग मी दार उघडून चौकटीवरची पट्टी वाचली. पुढे २.३ बार, मागे २.७. म्हणजे पुढे ३३ पीएसआय, मागे ३९. ज्या गाडीचं इंजिन मागे, तिचा भार मागे. मागचे टायरही पुढच्यांपेक्षा रुंद. पंपावरचा माणूस दिवसभर साध्या गाड्यांत चारही चाकांना एकच आकडा भरतो, त्याने सवयीने ३३-३३ भरले. वर टायर हायवेवरून आलेले, गरम. रात्री भुसावळच्या थंडीत गाडी बाहेर उभी राहिली, पहाटे पारा बाराच्या आसपास उतरला, आणि गरम ३३ चे गार २९ झाले. यात कुठे पंक्चर नाही, नुसता हिशोब.

मी मातीत काडीने त्याला तो मांडून दाखवला. ३९ मधून पाव हिस्सा वजा केला की राहतात साधारण २९. अमेरिकेच्या नियमात दिवा पेटवायचा तो याच मापाने, ठरलेल्या दाबाच्या पाव हिस्सा हवा गेली की. तो नियमही उगाच आलेला नाही. तिकडे फायरस्टोनच्या टायरांमुळे फोर्डच्या गाड्या उलटून माणसं गेली, त्यावरून २००० साली कायदा झाला, आणि २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. पोर्शने ९५९ या गाडीत असली यंत्रणा १९८६ मध्येच बसवली होती. तेव्हा ती तीनशे किलोमीटरच्या वेगाने पळणाऱ्यांची चैन होती. माणसं गेल्यावर ती सगळ्यांची गरज ठरली.

"म्हणजे तो हवावालाही बरोबर आणि मामाचा मुलगाही?" मुलाने विचारलं.

"अर्धे अर्धे. हवा कमी होती, पण त्याने चुकीचा आकडा भरला. थंडीने उतरली, तेही खरं, पण थंडी चारही चाकांना सारखीच लागते. हा उजवा सात जास्त का उतरला?"

थंडीत तिघे चार-चार उतरले. चौथा अकरा उतरला. त्या सातांचा हिशोब द्यायला कुणी उरलं नव्हतं.

गाडी उचलायची म्हणजे आमच्या ट्रॉली जॅकचं तोंडच खाली जाईना. मग दोन फळ्या टाकल्या, गाडी त्यांवर चढवली, आणि नेमून दिलेल्या जागी रबराची गादी ठेवून जॅक लावला. मावशी दुरून म्हणाल्या, "हळू रे बाबा, त्याच्या हप्त्याची गाडी हाय." चाक फिरवत पूर्ण गोलाई साबणाच्या पाण्याने भिजवली. खिळा नाही, काच नाही. बीडच्या दोन्ही कडा पाहिल्या. शांत. आता राहिला व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हवर चांदीसारखं चमकणारं धातूचं टोपण होतं. चारही चाकांना हौसेने बसवलेली, गाडीबरोबर न आलेली टोपणं. बाकीची तिन्ही निघाली, हे निघेना. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा, टोपण दुसऱ्या धातूचं. पाणी, धूळ आणि काळ मिळाला की दोन धातू एकमेकांना खातात आणि जिथे खातात तिथेच चिकटून बसतात. असं टोपण नुसत्या पकडीने पिळलं तर व्हॉल्व्हच मोडतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला सेन्सर लटकलेला. ती कट्‌ माझ्या कानात अजून आहे. तेल सोडलं, चहा मागवला, चहा पिऊन होईस्तोवर थांबलो. मग एका पकडीने बूड धरून दुसरीने टोपण अगदी पाव फेरा हलवलं. पुन्हा तेल. पुन्हा पाव फेरा. सुटलं.

तोंडावर साबणाचा थेंब टाकला आणि सगळे वाकले. आधी काहीच नाही. मग एक बुडबुडा, मोहरीएवढा. तो फुगून राईचा वाटाणा झाला, फुटला. दुसरा आला. मुलाने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतला. अख्ख्या प्रवासाचा घोर त्या एका मोहरीत होता.

व्हॉल्व्हच्या आतली पिन काढली तर पिवळी, साधी पितळी, आणि तिच्या आट्यांवर पांढरी भुकटी. कधीतरी कुणीतरी मूळची पिन काढून बरणीतली पिन बसवली असणार. सेन्सरच्या ॲल्युमिनियम व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा दिलेली पांढरी पिन लागते; पितळेची पिन त्यात गंजून रबर सोडते. पाच-दहा रुपयांचा जिन्नस. मेकॅनिकही तसा निशाण्याच्या जवळच पोचला होता: सेन्सर ज्या दांड्यावर बसतो त्याच दांड्यात दोष होता. फक्त बोलणाऱ्याला त्याने गुन्हेगार केलं. तो बिचारा तर दोन दिवस फिर्याद करत होता.

आट्या कापडाने पुसल्या, पांढरी पिन बसवली, पुन्हा साबण. शांत. चारही चाकांना प्लॅस्टिकची काळी टोपणं लावली. मुलाला ती आवडली नसावीत. मी त्याला बल्करकडे बोट दाखवलं. आमच्या रस्त्यावरची राख पिठापेक्षा बारीक असते, उघड्या व्हॉल्व्हमधून पिनेच्या रबरावर जाऊन बसते आणि रात्रभर हवा चोरते. इकडचा ड्रायव्हर दाराची काच नसली तरी चालवून घेतो, पण व्हॉल्व्हचं टोपण हरवलं तर गाडी थांबवून मागून नेतो. आणि प्लॅस्टिकचं टोपण कधी चिकटत नाही.

पुढे ३३, मागे ३९ भरले. मुलगा आत बसला, किल्ली फिरवली आणि त्याचा चेहरा पडला. दिवा तसाच.

"चाल द्या तिला," मी म्हणालो. "उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो. पाच-सात किलोमीटर चालू द्या. वरणगावपर्यंत गेला नाही तर परत या."

त्याने स्टेपनीचं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या गाडीत ती नाहीच. समोरच्या डिकीत टायरमध्ये सोडायचं औषध आणि छोटा पंप आहे, तेवढंच. आपल्याकडेही २०२० साली नियम बदलला: ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हा दिवा असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. मावशींना ते पटलं नाही. "म्हंजे पाचव्या चाकाच्या जागी दिवा दिला?" त्यांनी विचारलं. मी त्यावर काय बोलणार? इतक्या वर्षांत या यंत्रणेचं इतकं नेमकं वर्णन मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. पाचवं चाक गेलं आणि त्याच्या जागी एक बोलणारा आला. आता त्याचं ऐकलं नाही, तर डिकीत दुसरं चाक उरलेलं नाही.

निघताना मी मुलाला एक काम सांगितलं. मलकापूरला चहाला थांबाल तेव्हा चारही आकडे बघा आणि मला फोन करा. त्याने कारण विचारलं नाही आणि मीही मलकापूरच का ते सांगितलं नाही.

दीड तासाने फोन आला. ऊन वर आलं होतं, दुकानात दोन गाड्या लागल्या होत्या. "दादा, दिवा वरणगावच्या आधीच गेला. पण आकडे वाढलेत. पुढे ३६, ३६. मागे ४३, ४३. थोडी हवा काढू का?"

"हात लावू नका," मी म्हणालो. "टायर तापलेत. चौघे सोबत चढलेत ना? बस्स. उद्या सकाळी गार असताना पुन्हा बघा, ३३ आणि ३९ च्या जवळ असतील." मागून मावशींचा आवाज आला, चहात आलं नाही म्हणून त्या तिथल्या टपरीवाल्याला बोलत होत्या.

फोन ठेवला तेव्हा पोऱ्या एका राखेच्या हायवाभोवती टॉमी घेऊन फिरत होता. बाबांची चाल त्याने त्यांना न पाहताच उचललीये. टण्‌, टण्‌, टण्‌, भद्द. तो थांबला. ड्रायव्हर केबिनमधूनच ओरडला, "अरे, कालच भरलीये त्याच्यात, बराबर आहे!" पोऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली बसून टोपण काढलं. खोक्यातलं गेज घेतलं. आधी शेजारच्या चांगल्या टायरला लावलं, आकडा मनात धरला, आणि मगच भद्द बोललेल्याला.